आठ अक्षरांची वहिनी

त्या घरात टेलिफोनचे सॉकेट एकच होते आणि ते वन्संच्या खोलीत होते. एरवी त्याने वहिनींचे काही अडले नसते. पण गेला महिनाभर वहिनी आणि वन्सं यांच्यात अबोला होता, आणि नेमके आत्ताच वहिनींना इंटरनेट हवे होते.

घर लांबट होते. खोल्या एकामागे एक, माळेत ओवल्यासारख्या. रस्त्याच्या बाजूला वन्संची खोली, मग जेवणाची जागा, मग स्वयंपाकघर, मग एक अंधारा बोळ. बोळाच्या टोकाला जी खोली होती तिच्यात वहिनींचे यजमान पूर्वी लाकूड रचून ठेवत. ते सुतार. वन्सं त्यांची धाकटी बहीण. ती 'दादा' म्हणे म्हणून सगळी गल्ली त्यांना दादा म्हणे. वहिनीसुद्धा एखादे वेळी चारचौघांत 'आमचे दादा' म्हणून जात आणि मग जीभ चावत.

खांदा दुखायला लागल्यावर दादांनी लाकूड विकून टाकले आणि खोली वहिनींना दिली. खिडकीखाली टेबल ठोकले, भिंतीला पुस्तकांसाठी फळ्या मारल्या आणि म्हणाले, "घे, हे तुझं ऑफिस." खोलीला अजून भुशाचा वास येई. वहिनींना तो आवडे. पण दादांनी दारे, खिडक्या, खुंट्या, सगळ्याचा विचार केला होता, टेलिफोनचा तेवढा केला नव्हता. लाकडाला कोण फोन करणार होते?

वहिनी एका प्रकाशनासाठी प्रुफे वाचत. छापण्याआधीची पाने वाचायची आणि लाल शाईने चुका दाखवायच्या, हे त्यांचे काम. गेली कित्येक वर्षे त्या एकच पुस्तक वाचत होत्या: एक मोठा शब्दकोश. 'अ'ला सुरुवात केली तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता 'व' संपला होता आणि केसांबद्दल न बोललेले बरे. राहिले होते श, ष, स, ह, ळ, क्ष आणि ज्ञ. ज्ञच्या शेवटच्या शब्दाखाली आपण रेघ मारायची, ही एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरे काही त्यांनी मागितले नव्हते.

आणि आता नवा संपादक आला होता. त्याने कचेरीतली प्रुफांची खोली बंद केली, सगळ्यांना एकेक लॅपटॉप दिला आणि सांगितले की यापुढे पाने घरीच येतील, आणि शंका असतील त्या सगळ्यांनी पडद्यावर एकत्र बसून सोडवायच्या. पहिली बैठक सोमवारी सकाळी. "ज्यांचं नेट चालणार नाही त्यांची पानं दुसऱ्यांकडे देऊ," तो हसत म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका."

वहिनींना वाईट वाटले नाही. घाम फुटला.

त्यांनी टेलिफोन कंपनीला फोन केला होता. पलीकडच्या माणसाने विचारले, "सॉकेट कुठंय?"

"पुढच्या खोलीत."

"आणि तुम्हाला नेट कुठं पाहिजे?"

"मागच्या खोलीत."

"मग पुढं बसा की," तो म्हणाला. नवे सॉकेट हवे तर अर्ज करा, कधी होईल ते सांगता येत नाही, असेही म्हणाला.

पुढे बसणे शक्य असते तर प्रश्नच नव्हता. अबोल्याचे कारण असे होते. वन्संनी फाटकावर स्वतःच्या हाताने रंगवून एक पाटी लावली होती: 'कुत्र्यापासुन सावध'. घरात कुत्रा नव्हता. एके काळी होता, तो म्हातारा होऊन गेला. पाटी ही त्याची आठवण आणि चोरांना इशारा, दोन्ही. वहिनींनी कुत्र्याच्या नसण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण 'पासुन'मधला तो ऱ्हस्व उकार जाता-येता त्यांच्या डोळ्यांत जाई. एका सकाळी कचेरीत निघताना पर्समध्ये लाल पेन होते आणि हात थांबला नाही. त्यांनी उकारावर काट मारली आणि बाजूला सुबक दीर्घ ऊकार काढला. नेहमी काढत तसाच.

पेपरवाल्याने तो पाहिला. समोरच्या शिंपिणीने पाहिला. शाळेत जाणाऱ्या मुलांनी तर मोठ्याने वाचला, दीर्घासकट.

"सांग तुझ्या बायकोला," वन्सं त्या संध्याकाळी दादांना म्हणाल्या, आणि वहिनी समोरच बसल्या होत्या, "की मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले. हजारो माणसं जोडून दिली. एकानंही विचारलं नाही की बाई, तुमचा उकार कुठला."

"तिला म्हणावं, मी पाटी सुधारली, तिला नाही," वहिनी म्हणाल्या.

तेव्हापासून अबोला. पाटी वन्संनी काढली नाही. राहू दे म्हणाल्या, जगाला कळू दे घरात कोण कोण राहतं ते. आणि दादा दोघींच्या मध्ये निरोप्यासारखे ये-जा करू लागले. मीठ संपले, बिल आले, पंखा बंद कर. पुढचे मागे आणि मागचे पुढे.

शनिवारी दादांनी गिरमिट काढले. त्यांचा बेत सरळ होता: वन्संच्या खोलीतून वायर काढायची आणि भिंतीमागून भिंत भोके पाडत मागे आणायची. वन्संनी गिरमिट पाहिले मात्र. "नुकताच रंग दिलाय," त्या म्हणाल्या. "भिंतीला हात लावलास तर मी तुझ्याशीही बोलणार नाही. मग बसा दोघं एकमेकांकडे बघत."

दादा गिरमिट ठेवून बाजारात गेले आणि रविवारी सकाळी एक पांढरी डबी घेऊन आले. साबणाच्या वडीएवढी. तिच्या पाठीला पिन होती, पोटाला दिवा.

"रिपीटर," ते म्हणाले. "वायर नको, भोक नको. स्वयंपाकघरात मिक्सरच्या जागी लावायची. पुढून वायफाय येतं ते ही झेलते आणि मागे फेकते."

"म्हणजे तुमच्यासारखी," वहिनी म्हणाल्या.

"माझ्यापेक्षा बरी. हिला टोमणे कळत नाहीत."

वायफायची पेटी वन्संच्या खोलीत होतीच. एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणींशी तोंड बघून बोलता यावे म्हणून त्यांनी ती अलीकडेच बसवून घेतली होती. आता फक्त पासवर्ड हवा होता. दादा पुढे गेले. वहिनी बोळात कान देऊन उभ्या राहिल्या, पण ऐकू काही आले नाही. दादा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा विचित्र झाला होता.

"वहिनी," ते म्हणाले.

"काय?"

"पासवर्ड. 'वहिनी' आहे म्हणते."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले. "चेष्टा करताय की तिची चेष्टा पोचवताय?"

"मी पोचवतोय. चेष्टा आहे का नाही ते मला कळलं नाही."

वहिनी लॅपटॉपपुढे बसल्या. इंग्रजी अक्षरांत लिहायचे होते, पण शुद्धलेखन ते शुद्धलेखन. 'वहिनी' हा शब्द त्यांनी याच वर्षी कोशात वाचून पुढे सोडला होता. हि ऱ्हस्व, नी दीर्घ. तेव्हा पहिल्या जागी आय आणि शेवटी डबल ई. त्यांनी तसे लिहिले आणि बटण दाबले.

पडद्यावर तांबडी ओळ आली. पासवर्डमध्ये किमान आठ अक्षरे हवीत.

वहिनींनी बोटाने मोजले. व्ही, ए, एच, आय, एन, ई, ई. सात.

"एक कमी पडतंय," दादा खांद्यावरून वाकून म्हणाले. "माप चुकलं की दार असंच बसत नाही."

मग वहिनींनी मन घट्ट करून जग लिहिते तसे लिहिले, दोन्हीकडे नुसता आय. सहा भरली. ते तर आणखीच आखूड. मागे घराचा नंबर जोडून पाहिला. दादांची जन्मतारीख जोडून पाहिली. पुढे एक आणि मागे एक उद्गारचिन्हही लावून पाहिले, जे त्यांनी कोणाच्याही लेखनात कधी खपवून घेतले नव्हते. डबीच्या पोटातला दिवा लालच. त्यांच्याच शाईचा रंग, पण आता तो त्यांच्यावर उलटला होता.

"स्पेलिंग विचारून येतो," दादा म्हणाले.

"खबरदार."

"अगं, पण..."

"तीस वर्षं मी लोकांचं लेखन तपासतेय. आता 'वहिनी' कसं लिहायचं हे वन्संना विचारू? त्यापेक्षा ज्ञ गेलेला बरा." हे म्हणताना मात्र त्यांचा आवाज जरा हलला, कारण ज्ञ खरेच चालला होता.

दादा पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि पुढे जाऊन आले. सुताराला दार बसेपर्यंत चैन पडत नाही.

"मी विचारलं नाही," ते परत येऊन म्हणाले. "ती आपणहून म्हणाली. म्हणाली, तोंडानं म्हणतो तसं लिहायचं. आणि म्हणाली, शुद्धलेखन काय, ते ज्यांना येतं त्यांना येतंच."

"पाहिलंत? टोमणा आहे."

"टोमणा आहे," दादांनी कबूल केले. "पण आत काहीतरी आहे. फळीला गाठ असली की रंधा अडतो ना, तसं मला वाटलं."

संध्याकाळ झाली. दादा कोपऱ्यावर पाव आणायला गेले. वहिनींनी दूध गॅसवर ठेवले आणि एकदाच, शेवटचे, करून पाहू म्हणून मागे येऊन बसल्या. पडदा उजळला. तीच चौकोनी जागा, तोच टिचकी मारणारा उभा दांडा. तोंडाने म्हणतो तसे. त्यांनी हलकेच म्हणून पाहिले: वहिनी. जसे कोशात होते तसेच त्यांच्या तोंडून आले. वाचलेले शब्द जन्मभर डोळ्यांनी बोललेल्या बाईच्या तोंडून दुसरे काय येणार? फळीवरचे सतरा खंड त्यांच्याकडे पाठ करून उभे होते. उद्या सकाळी पडद्यावर सगळ्यांचे चेहरे जमतील आणि आपल्या जागी काळा चौकोन असेल. संपादक म्हणेल, वाईट वाटून घेऊ नका, आणि श कुणा तरी परक्याच्या हाती जाईल, ज्याला शेंडी आणि शेंग यांच्यात कोण आधी येते ते दोनदा बघावे लागेल.

वास वन्संना आधी आला. करपलेल्या दुधाचा वास भिंतींना विचारत नाही. त्या खोलीतून उठल्या, जेवणाच्या जागेपर्यंत आल्या, आणि मग अबोला वगैरे सगळे विसरून, एक्स्चेंजच्या लांबच लांब तारांवरून गावोगावी पोचवलेल्या त्या आवाजात त्यांनी हाक मारली.

"वहीऽऽनीऽऽ! दूध!"

हाक स्वयंपाकघर ओलांडून, बोळातून वळून, जिथे नेट काही केल्या पोचत नव्हते तिथे पूर्ण पोचली. एकही अक्षर वाटेत सांडले नाही.

वहिनी उठल्या. खुर्ची मागे सरली. दाराकडे एक पाऊल टाकले आणि त्या तिथेच थबकल्या.

वहीऽऽनीऽऽ.

ही लांब. नी लांब. वन्संनी गेली सगळी वर्षे ही हाक अशीच मारली होती, आणि वहिनींनी ती लाखदा ऐकून एकदाही ऐकली नव्हती. कारण कोशात हि ऱ्हस्व होती ना.

दूध उतू जात होते. वहिनी परत फिरल्या आणि उभ्या-उभ्याच एका बोटाने लिहू लागल्या. व्ही, ए, एच. मग आय नाही. डबल ई. एन. पुन्हा डबल ई. लिहिताना त्यांच्या अंगावर शहारा आला. समोर ढळढळीत चूक, आणि ती आपल्याच हातची. त्यांनी मोजले. आठ.

बटण दाबले.

पडद्यावर एक गोल फिरू लागला. फिरला, फिरला, आणि थांबला. मग कोपऱ्यात ती छोटी पंख्यासारखी खूण आली, एक कमान, दोन, तीन, सगळ्या भरलेल्या. वहिनी बोळातून धावत स्वयंपाकघरात आल्या. मिक्सरच्या जागी डबीच्या पोटातला दिवा हिरवागार झाला होता.

ओट्यापाशी वन्सं फडक्याने दूध टिपत होत्या.

"दूध गेलं," त्या म्हणाल्या. ओट्याकडे बघूनच म्हणाल्या.

"जाऊ दे. नेट आलं."

फडके थांबले.

"तुम्ही बोललात," वहिनी म्हणाल्या.

"मी दुधाशी बोलले."

"दुधाला वहिनी म्हणता?"

वन्संच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांनी तो फडक्याने पुसल्यासारखे केले. "आधी सहाच अक्षरं घातली होती," त्या म्हणाल्या. "पेटी म्हणाली, आठ पाहिजेत. मग म्हटलं, हाक मारतो तशी ओढू. बरोबर आठ भरली."

"आणि नेमका हाच शब्द का? आपलं तर बोलणंही नव्हतं."

"म्हणूनच," वन्संनी फडके नळाखाली पिळले. "तो बसवणारा म्हणाला, रोज तोंडात असतो असा शब्द ठेवा, म्हणजे विसरणार नाही. रोज तोंडात असायचा तो अबोल्यात बंद झाला होता. म्हटलं, कुठं तरी राहू दे."

वहिनींनी दुसरे फडके घेतले आणि त्या ओट्याची दुसरी बाजू पुसायला लागल्या. तेवढ्यात दादा पाव घेऊन आले. वाटेत त्यांनी निरोप जुळवला होता, तो विसरायच्या आत घाईने सुरू केला, "हे बघ, ती म्हणते..."

"तू गप्प बस," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाल्या.

दादांनी एकीकडे पाहिले, दुसरीकडे पाहिले, हिरव्या दिव्याकडे पाहिले. मग पाव ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "चला. माझी नोकरी सुटली."

सोमवारी सकाळी वहिनी नवी साडी नेसून मागच्या खोलीत बसल्या. पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला. एका निवृत्त शिक्षकाचा चेहरा जांभई देतानाच गोठला आणि तसाच राहिला. एका बाईंचा नुसता अंबाडा दिसत होता. तिसऱ्याचा चौकोन येई आणि विझे, येई आणि विझे. वहिनींचा चौकोन मात्र आरशासारखा स्वच्छ होता. मागच्या फळीवरचे सतरा खंड नावानिशी वाचता येत होते.

"माझा आवाज येतोय का?" संपादकाने विचारले. कोणी उत्तर देईना. "कुणाला तरी येतोय का?"

"येतोय, स्पष्ट येतोय," दाराआडून आवाज आला. "बोला, लाइन चालू आहे."

संपादक दचकला. "हे कोण बोललं?"

"आमचं एक्स्चेंज," वहिनी म्हणाल्या.

संपादकाने 'श'ची पाने पडद्यावर आणली. चाळता-चाळता एका पानावर त्याचे बोट थांबले. तोंडाने वाजवतात ती 'शिळ', असे छापले होते. "हे ऱ्हस्व की दीर्घ?" त्याने विचारले. "दोघांनी दोन तऱ्हेनं लिहून पाठवलंय."

एरवी वहिनींनी नियम सांगितला असता, पोटनियमासकट. तो त्यांच्या ओठावर आलाही होता.

"दीर्घ," त्या म्हणाल्या. "वाजवून बघा."

संपादकाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि मग, काय वाटले कोण जाणे, खरेच ओठांचा चंबू करून शीळ घातली. लांब वाजली. तो हसला. अंबाडाही हसल्यासारखा हलला. जांभई तेवढी तशीच होती.

बैठक संपेपर्यंत टिकलेला चौकोन एकट्या वहिनींचा. "ताई," संपादक शेवटी म्हणाला, "श ते ज्ञ सगळं तुम्हीच वाचा. तुमच्याइतकं चांगलं नेट आमच्या कचेरीतही नाही. कुठून घेतलंत कनेक्शन?"

"घरचंच आहे," वहिनी म्हणाल्या.

लॅपटॉप मिटून त्या लाल पेन घेऊन उठल्या, बोळ, स्वयंपाकघर, जेवणाची जागा ओलांडून वन्संच्या खोलीतून थेट फाटकावर गेल्या. वन्सं पाठोपाठ गेल्या, जरा घाबरतच. पाटी होती तिथेच होती, काट मारलेला उकार आणि शेजारी तो सुबक दीर्घ. वहिनी वाकल्या. त्यांनी आपला ऊकार खोडला आणि 'पासुन' या शब्दाखाली पेनाने एकेक करून ठिपके दिले.

"हे काय आणखी?" वन्संनी विचारले.

"प्रुफातली खूण आहे. आधी चूक दाखवली आणि मग ती मागे घ्यायची असली की शब्दाखाली ठिपके द्यायचे. होतं तसंच राहू द्या, असा अर्थ."

"रोज देतेस का?"

"नाही. क्वचित लागतात."

वन्सं खाली वाकून बराच वेळ ठिपके न्याहाळत राहिल्या. समोरची शिंपीण मशीन थांबवून बघत होती.

"ठिपकेसुद्धा लालच," वन्सं म्हणाल्या. मग फाटक लोटून आत जाता-जाता म्हणाल्या, "चल, वहीऽनी. दूध ठेवलंय. या वेळी तू बघ."